मांजराच्या लघवीचं कल्चर आधी, अँटिबायोटिक नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अँटिबायोटिकच्या अतिवापरावर आपल्या दैनिकात वरचेवर लिहून येतं. त्यात माणसं असतात, कोंबड्या असतात. घरातलं मांजर कधी नसतं. म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं, त्यातली निम्मी युरीन कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या टेबलावर. संध्याकाळी लावलेली मॅकॉन्कीची (जंतू वाढवायच्या खाद्याची) प्लेट सकाळी इन्क्युबेटरमधून काढली की ई. कोलाय या लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणाऱ्या जंतूंच्या गुलाबी वसाहती दिसायच्या. मग दुसऱ्या प्लेटवर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या आणि कोणत्या टिकलीभोवती किती मिलिमीटर जागा मोकळी राहिली, ते पट्टीनं मोजायचं. नोकरीच्या सुरुवातीला ही मोकळी वर्तुळं मोठाली असत, म्हणजे औषध चालत असे. शेवटच्या वर्षांत काही प्लेटवर जंतू थेट टिकलीला भिडलेले मी पाहिले आहेत, आणि ती प्लेट कुणाच्या तरी आईची किंवा बाळंतिणीची असायची.

गेल्या उन्हाळ्यात आमचा चार वर्षांचा बोका वारंवार त्याच्या लघवीच्या ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. कुंथायचा, ओरडायचा, आणि मोरीच्या पांढऱ्या फरशीवर लालसर थेंब टाकायचा. डॉक्टरांनी पोट चाचपून ‘इन्फेक्शन आहे’ म्हटलं आणि एकदा टोचलं की दोन आठवडे काम करणारं इंजेक्शन दिलं. पाचव्या दिवशी बोका ठीक. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, या वेळी गोळ्या. पुन्हा ठीक. एकदाही लघवी तपासली नव्हती, आणि मीही विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तिसऱ्या वेळी मात्र हट्टच धरला. दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत पोटातून बारीक सुईनं थेट मूत्राशयातली लघवी काढली. (ट्रेमधली लघवी कल्चरला चालत नाही, बाहेरचेच जंतू उगवतात.) रिपोर्ट आला: रक्तपेशी भरपूर, जंतूंची वाढ नाही.

मग मी वाचायला बसले. मांजराची लघवी इतकी दाट असते की निरोगी, तरुण मांजराच्या मूत्राशयात जंतू सहसा टिकत नाहीत. अशा मांजरांत त्रासाचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे जंतूंशिवाय येणारी मूत्राशयाची सूज, आणि तिचा ताणाशी जवळचा संबंध आहे. ही सूज बहुतेकदा आठवड्याभरात आपोआप उतरते. इंजेक्शन दिलं तरी उतरते, न दिलं तरी उतरते. नाव मात्र इंजेक्शनचं होतं. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मांजराच्या बाबतीत कल्चर करावं, खरोखर जंतू असतील तर साध्या अमॉक्सिसिलिनपासून सुरुवात करावी आणि साध्या संसर्गाला तीन ते पाच दिवसांचा कोर्स पुरतो, असं त्यांत म्हटलं आहे. ठेवणीतली औषधं ठेवणीतच राहावीत.

आमच्याकडे ताण कसला होता? खिडकीबाहेर कठड्यावर रोज एक परका बोका येऊन बसत होता. आम्ही काचेला खालून हातभर कागद लावला, दुसरा ट्रे ठेवला, कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं सुरू केलं, चार ठिकाणी पाणी ठेवलं. त्यानंतर एकदाच त्रास झाला, तोही फक्त वेदनाशामकावर ओसरला. ते डॉक्टरांनी दिलेलं होतं. घरातली पॅरासिटामॉल कृपा करून देऊ नका, मांजराला ती विष आहे.

मी अँटिबायोटिकच्या विरोधात नाही. माझ्या बहिणीच्या चौदा वर्षांच्या भाटीची किडनी अधू आहे. तिच्या कल्चरमध्ये ई. कोलाय उगवले, नेमकं औषध मिळालं आणि ती वाचली. म्हाताऱ्या, किडनीच्या किंवा मधुमेहाच्या मांजरांना खरा संसर्ग होतो. त्यांच्यासाठीच तर हे औषध चालतं राहायला हवं.

आणि एक. बोका कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर लघवीचा मार्ग बंद झालेला असू शकतो. रक्तातलं पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आमच्या लॅबमधल्या एका मुलीनं मेडिकलमधून अँटिबायोटिकचं सिरप आणून दीड दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीची सकाळ तिच्या बोक्यानं पाहिली नाही. ती अजून त्याचं नाव निघालं की बोलायची थांबते.

एकाच घरातल्या माणसांत आणि मांजरांत तेच ई. कोलाय सापडल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे हा प्रश्न फक्त मांजरवाल्यांचा नाही. पशुसंवर्धन विभागाला माझी विनंती आहे की जिल्ह्याच्या ठिकाणी तरी प्राण्यांच्या लघवीचं कल्चर परवडणाऱ्या दरात व्हावं. आज आमच्याकडून नमुना बर्फात घालून एसटीनं पुण्याला पाठवावा लागतो. प्लेट तीच, इन्क्युबेटर तोच, सदतीस अंश तापमानही तेच. माणसांच्या लॅबमध्ये हे काम येणारी माझ्यासारखी निवृत्त माणसं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. शिकवायला बोलावलं तर मी विनामोबदला येईन.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा