सांभाळणाऱ्या आजीलाही विचारा : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदया,
सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. बालसंगोपनाचे फॉर्म बायका माझ्याकडून भरून घेतात, म्हणून हे पत्र. आई-वडील गेलेलं लेकरू आमच्याकडे संस्थेत क्वचितच जातं. ते आजीकडे, मावशीकडे, चुलत्याकडे वाढतं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अशा मुलाला महिना २२५० रुपये मिळतात. २०२३ मध्ये ११०० वरून ही वाढ झाली, त्याबद्दल आभारच. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये मात्र ४००० मिळतात. एकाच गावातल्या दोन पोरांत एवढा फरक का, हे समजावून सांगणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

पण आज पैशांचं बोलायचं नाही. गृहभेटीला येणारी मंडळी मूल शाळेत जातं का, जेवतं काय, झोपतं कुठं, हे विचारतात. विचारायलाच हवं. आजीचं काय? माझ्या ओळखीच्या एकीला साखर आहे. दिवसभर दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरी, आणि रात्री नातू ओरडत उठतो. लेक गेल्याचं स्वतःचं दुःख तिनं अजून कुणापुढं काढलेलं नाही. पोर बोलेनासं झालं तेव्हा तिनं आधी देवऋषी गाठला. आणखी कुणाकडं जाता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

या योजनेचं काम पाहणारा बाल संरक्षण कक्ष सांगलीला. आमच्या तालुक्यातल्या उमदीकडून तिथं जायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला. (एसटीत बायकांना हाफ तिकीट आहे, तेवढं बरं.) तेव्हा महिन्यातून एक दिवस कक्षाचा माणूस आणि एक समुपदेशक जतच्या पंचायत समितीत बसवा. योजनेच्या नूतनीकरणाचे कागदही तिथंच घ्या. समुपदेशकानं मुलाइतकंच सांभाळणाऱ्याशीही बोलावं, आणि त्याला कन्नड यावं. आमच्या सीमेकडच्या घरांत मन मोकळं होतं ते त्याच भाषेत.

२०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालकत्वाची, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळण्याची, वाट मोकळी केली. चांगलंच झालं. पण एकटं माणूस आजारी पडलं तर घरात पाणी द्यायलाही दुसरं कुणी नसतं. म्हणून सांभाळणारी दवाखान्यात दाखल झाली तर मूल कुणाकडं राहील आणि त्या दिवसांचा खर्च कोण देईल, हे गृहभेटीच्या अहवालातच आधी लिहून ठेवायला लावा. आज हा भार शेजारणीवर पडतो, आणि तिचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

आपली,
जत तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका