गळ्यातली माळ बघून निदान

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत टेपवर्मवरचं अर्धं पान वाचलं. 'शौचाची एक तपासणी करा आणि निश्चिंत व्हा' हे लेखकमहाशयांनी कसं निश्चिंतपणे लिहून टाकलंय! सोबतचं चित्र तर चक्क गोल जंताचं. टेपवर्म फितीसारखा चपटा असतो हो, नावातच आहे.

माझ्या धाकट्या दिरांना उसाला पाणी पाजताना बांधावरच आकडी आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत बारीक गाठ, भोवती सूज. तुमची ती 'एक तपासणी' आम्हीही केली. रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरांनी दिरांच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली आणि म्हणाले, "हे माळकरी, डुकराचं मटण कुठून खाणार? टीबीच असणार." सात महिने टीबीच्या गोळ्या. लघवी केशरी, जेवण निम्म्यावर, आकडी आपली चालूच.

दुसऱ्या डॉक्टरांनी तीच जुनी फिल्म उजेडाला धरली. गाठ १२ मिलिमीटर. टीबीची बहुधा २० च्या पुढे असते म्हणाले. मग गाठीच्या पोटातला राजगिऱ्याएवढा ठिपका दाखवला: जंताचं डोकं. सात महिने ते आमच्या कपाटात साड्यांखाली पडून होतं!

कच्च्या राहिलेल्या डुकराच्या मांसातून येतो तो आतड्यातला जंत. मेंदूतली गाठ होते त्याच्या अंड्यांमुळे, आणि ती येतात माणसाच्या विष्ठेतून, पाण्यावर, भाजीवर, न धुतलेल्या हातांवर. तिथे माळ काय करणार? मेंदूत गाठ असलेल्या कित्येकांच्या आतड्यात जंत नसतोच, मग शौचात काय सापडणार? आणि असला तरी अंडी रोज पडत नाहीत, वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यावे लागतात. एवढं एक वाक्य पुरवणीत मावलं नाही?

आमच्या गल्लीतल्या उघड्या गटाराबद्दल मागच्या महिन्यात पत्र पाठवलं होतं, तेही जागेअभावी राहिलं म्हणे. गोल जंताला मात्र चार कॉलम.

आपली,
एक वाचक, सांगली जिल्हा

ता. क. नाव छापू नये. दिरांच्या मुलीचं यंदा बघायचं आहे, आणि घरात आकडी म्हटलं की लोक चहा न घेताच उठतात.