शेजारची गावं, पण गंमत वेगळी

मा. संपादक,
तुमच्या पुरवणीतला स्वित्झर्लंडच्या हिवाळी ट्रिपचा लेख वाचला. छान होता, पण सगळी गावं एकाच दावणीला बांधलीत. अहो, पाचगणी-महाबळेश्वर शेजारी आहेत म्हणून एकसारखी आहेत का? तसंच तिकडं ग्रिंडेलवाल्ड आणि वेंगेनचं. मध्ये क्लाइने शायडेकची खिंड, उंची २०६१ मीटर, दोन्हीकडनं दातेरी रुळांची ट्रेन तिथंच येते, म्हणजे बर्फ तोच, घसरायचं मैदान पण तेच.

फरक मुक्कामात आहे. ग्रिंडेलवाल्डला गाड्या, बसेस, दुकानं, २०२० मध्ये सुरू झालेला आयगर एक्स्प्रेस रोपवे, सगळी धांदल. आम्ही आधी तिथंच उतरलो, हिचे गुडघे दुखतात आणि ते स्कीचे बूट घालून रस्ता क्रॉस करायचा म्हणजे बैलपोळ्याला सजवलेल्या बैलागत चालणं. मग वेंगेनला गेलो. उंची १२७४ मीटर, आपल्या पाचगणीएवढीच म्हणा, पण वर गाडी जातच नाही, खाली लाउटरब्रुनेनला ठेवायची. स्टेशनवर बॅगा न्यायला बॅटरीची छोटी गाडी, बाकी शांत. बाल्कनीत उन्हात बसून साताऱ्याहून नेलेले कंदी पेढे खाल्ले, थंडीनं दगड झालेले, चहात बुडवावे लागले!

समोरच्या कड्यावरचं म्युरेन अजून निवांत, पण तिथले उतार तीव्र, नवख्यानं जपून. आणि वेंगेनला जानेवारीत लाउबरहॉर्नची स्कीची रेस असते, तेवढे दिवस टाळा, जत्रा असते नुसती.

– एक वाचक, सातारा