पानांत स्टार्च, मुळं उपाशी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीतला ट्रेहॅलोजवरचा लेख वाचला. या साखरेवर मराठीत कोणी लिहिलं याचा फार आनंद झाला. पण 'ट्रेहॅलोज मिळालं की कोणतंही झाड दुष्काळ सोसतं' या वाक्यापाशी अडखळले आणि हे पत्र लिहायला बसले.

लेखातलं सिलॅजिनेलाचं उदाहरण योग्यच आहे. वाळवंटातली ही वनस्पती सुकली की मुठीसारखी आवळते आणि पाणी मिळताच पुन्हा उलगडते. तिच्यात ट्रेहॅलोज भरपूर असतं. यीस्टमध्येही ही साखर पाण्याविना पेशीची पटलं आणि प्रथिनं जपते. बहुतेक फुलझाडांत मात्र ती इतकी नाममात्र असते की त्यांना ती बनवताच येत नाही, असा समज कित्येक वर्षं होता. ॲरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात ती बनवणारी जनुकं ओळखली गेली ती १९९८ मध्ये.

संशोधन करत असताना मी याच रोपाचं बी ट्रेहॅलोज घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, पेरलं होतं. प्रमाण १०० मिलिमोलर. बी रुजलं, बीजपत्रं उघडली, पण मूळ जागच्या जागी थबकलं. रोपं अल्कोहोलमध्ये ठेवून त्यांचा हिरवा रंग घालवला आणि स्टार्चला काळानिळा करणारं आयोडीन टाकलं. बीजपत्रं काळीनिळी झाली, मुळाचं टोक मात्र पांढरंफटक. म्हणजे स्टार्च सगळा वर अडकला होता आणि खाली मूळ उपाशी! शेजारच्या थाळीत ट्रेहॅलोजबरोबर सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखरही होती, तिथली मुळं वाढत होती. ती दोन रोपं मी कितीतरी वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहत राहिले होते.

याचा उलगडा ट्रेहॅलोज बनण्याच्या आधीच्या पायरीत आहे. झाड प्रथम ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट बनवतं, मग त्यातला फॉस्फेट काढून टाकतं. हा मधला रेणू अत्यल्प असतो, पण पेशीत सुक्रोज वाढलं की तोही वाढतो, घटलं की घटतो. हातात साखर किती आहे हे झाडाला त्यावरून कळतं. उपासमारीत काटकसर करायला लावणाऱ्या स्नर्क-१ या एन्झाइमला तो आवर घालतो. हा रेणू बनवणारं मुख्य जनुक निकामी असेल तर ॲरॅबिडॉप्सिसचा भ्रूण बियातच अर्धवट थांबतो. बाहेरून ट्रेहॅलोज दिलं की हा रेणू वाढतो आणि हिशेबच बिघडतो. माझ्या थाळीत तेच झालं होतं.

२००२ मध्ये ट्रेहॅलोज बनवणारी जीवाणूची दोन जनुकं घातलेला भात क्षार, दुष्काळ आणि थंडीत तगला, हे खरं. पण त्यातलं ट्रेहॅलोज वाढूनही इतकं थोडं होतं की निव्वळ त्याच्या साठ्याने रोप वाचलं असं म्हणता येत नाही. २०१५ चा मक्यावरचा प्रयोग तर मला फार मोलाचा वाटतो. त्यात फॉस्फेट काढणारं भाताचं जनुक फुलोऱ्याच्या सुमारास फक्त कणसात जास्त चालवलं. तिथला ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट घटला आणि तीव्र दुष्काळात उत्पादन ३१ ते १२३ टक्क्यांनी वाढलं. साखरेचा मारा करून हे झालं नाही. नेमक्या जागी, नेमक्या वेळी झाडाचा संदेश बदलला म्हणून झालं. याउलट तंबाखूच्या रोपांत ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट बनवणारं यीस्टचं जनुक सरसकट घातलं तेव्हा रोपं खुरटली होती.

या विषयावर पुरवणीत पुन्हा लिहिलं जाईल तेव्हा ट्रेहॅलोज-६-फॉस्फेटचं नाव त्यात यावं आणि ते एक वाक्य दुरुस्त व्हावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका