‘आधी नशा सोड, मग बघू’ असं न म्हणणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सा. न.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुमच्या दाराशी पोहोचेपर्यंत आमची दोन वर्षं गेली, आणि आमच्यासारखी घरं आणखी असतील.

मुलाला घेऊन गेलो त्या दोन ठिकाणांहून आम्ही तसेच परत आलो होतो. एकीकडे सांगितलं, आधी गांजा सुटू दे, लक्ष लागत नाही त्याचं नंतर बघू. दुसरीकडे, हा आजारच नाही, संगत वाईट आहे. मीही घरी उठता-बसता त्याला आळशी म्हणत होते. तुम्ही मात्र मला बाहेर बसवून सोळा वर्षांच्या मुलाला आधी विचारलंत, “ओढल्यावर बरं काय वाटतं?” पुढे कधीतरी त्यानेच मला त्याचं उत्तर सांगितलं: “डोक्यातला गोंगाट थांबतो.”

मग तुम्ही जुनी प्रगतिपुस्तकं मागवलीत. गांजानेही लक्ष आणि स्मरण मंदावतं, त्यामुळे नुसतं आजचं वागणं बघून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा आजार, ठरवता येत नाही. त्याची लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून असावी लागतात, हे तुम्ही समजावलंत. तिसरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, “हुशार आहे, पण जागेवर टिकत नाही.” तेव्हा कसली नशा आणि कसली संगत! एवढी वर्षं ते वाक्य आमच्याच कपाटात पडून होतं. तुमच्यासमोर मी रडले ते त्यासाठी.

दोन्ही उपचार तुम्ही एकदमच सुरू केलेत. एडीएचडीसाठी ॲटोमॉक्सेटिन हे औषध दिलंत, कारण त्याची नशा होत नाही. गुण यायला काही आठवडे लागतील, आणि सुरुवातीला तो खचतोय का, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, असं बजावलंत. नुसत्या गोळीने गांजा सुटत नाही, समुपदेशन चुकवायचं नाही, हे तर प्रत्येक भेटीत.

तिसऱ्या महिन्यात तो पुन्हा ओढून आला. मला वाटलं, आता तुम्ही हात टेकणार. तुम्ही शांतपणे विचारलंत, “त्या दिवशी दुपारी काय झालं होतं?” आणि दोघांनी मिळून तो अख्खा दिवस कागदावर मांडलात. त्या कागदाची घडी अजून त्याच्या वहीत आहे.

परवा गणिताच्या पेपरला तो शेवटची घंटा होईपर्यंत बसला. मार्क यायचेत अजून, पण तुम्हाला कळवायला मला तेवढा धीर धरवेना.

आपली कृतज्ञ,
त्याची आई