गणित सोडताना काय सुटते, ते अर्जावरच छापा

महोदय,

दहावीचा निकाल लागला की टक्केवारी, कटऑफ आणि नामवंत कॉलेजे यांची चर्चा रंगते. कोणत्या कॉलेजात नंबर लागला याची जेवढी फिकीर असते, तेवढी तिथे विषय कोणते घेतले याची नसते. मी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक आहे आणि प्रवेशाचे टेबल माझ्याकडे असते. २०२५ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला, पण त्या अर्जात मुले भरतात ती शाखा आणि कॉलेजांचा पसंतीक्रम. गणित ठेवायचे की सोडायचे, हे ठरते कॉलेज मिळाल्यावर, आमच्या टेबलापाशी, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडता जोडता. मागे रांग असते. पालक विचारतात, "साहेब, सोपं काय जाईल?" आणि कुणीतरी 'पीसीबी', म्हणजे गणिताशिवाय भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र, असे लिहून मोकळे होते.

गणित सोडणारी मुले आळशी असतात, असे सरसकट म्हणणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. मुले त्यांच्या परीने हिशेब करूनच येतात. बारावीला जीवशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. गणिताची लेखी ८०, उरलेले २०. प्रात्यक्षिकाचे गुण हातचे, अशी सगळ्यांची समजूत आहे आणि ती फारशी चुकीचीही नाही. त्यात नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे क्लासवाले सांगतात, गणित सोडा, तेवढा वेळ बायोला मिळेल. वाणिज्य शाखेत तर गणिताच्या जागी चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे मुलांच्या तोंडी 'एसपी', घेतली की पाठांतरावर टक्के निघतात. कॉलेजलाही निकाल चांगला लागलेला हवाच असतो, त्यामुळे आमच्याकडूनही कुणी अडवत नाही.

आता पुढचे बघा. २०२४ मध्ये नीटला देशभरातून सुमारे २३ लाख मुले बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. आयुर्वेद, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कृषी हे रस्ते आहेत आणि चांगले आहेत. गंमत अशी की फार्मसी आणि कृषी या दोन्हींना पीसीएम, म्हणजे जीवशास्त्राऐवजी गणित, घेतलेली मुलेही जाऊ शकतात. म्हणजे गणितवाल्याला बायोवाल्याच्या कितीतरी दारांतून आत जाता येते, उलटे मात्र फार थोड्या ठिकाणी. अभियांत्रिकीच्या प्रवेशाची राज्यातील गुणवत्ता यादी सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम ग्रुपवर लागते आणि त्या २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताचे असतात. बी. आर्च. या वास्तुकलेच्या पदवीलाही गणित मागतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी. स्टॅट. करायचे तर बारावीत गणित हवेच. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स हवे असेल तर सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणित द्यावे लागते, आणि अर्थशास्त्र म्हणजे कला शाखेचा विषय अशी आपल्याकडे पक्की समजूत! सैन्यदलांत अधिकारी घडवणाऱ्या एनडीएचे दार आता मुलींनाही उघडले आहे. तिथे हवाई दल आणि नौदलासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. लष्करासाठी कोणतीही शाखा चालते खरी, पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच सोडवावा लागतो.

वाणिज्यच्या मुलांची अडचण तर कुणाच्या गावीही नसते. एसपी घेऊन बारावीला ऐंशीच्या पुढे टक्के मिळवलेला एक मुलगा दाखला न्यायला आला होता. त्याला मुंबईला बी. एस्सी. आयटी करायचे होते. वाणिज्यच्या मुलांनाही तो अभ्यासक्रम खुला असतो, एवढे त्याला कुणीतरी सांगितले होते. बारावीला गणित असावे लागते, ही अट सांगायची राहिली. गुणपत्रिकेवर बोट ठेवून तो मला म्हणाला, "सर, बुक-कीपिंगला शहाण्णव आहेत, ते गणितात धरत नाहीत का?" मी काय सांगणार? पुढे एमसीए ही संगणकाची पदव्युत्तर पदवी करायची म्हटले तरी बीसीएसारखी संगणकाची पदवी नसेल तर बारावीला किंवा पदवीला गणित होते का, हा प्रश्न येतोच.

दुसरीकडे, गणिताशिवायही इंजिनिअर होता येते, हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. त्याचा उगम २०२१ चा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने तेव्हा १४ विषयांची यादी दिली आणि त्यांतील कोणतेही तीन घेतलेला विद्यार्थी अभियांत्रिकीला पात्र ठरू शकतो, असे म्हटले. मथळा लोकांच्या लक्षात राहिला. गणित न झालेल्यांसाठी ब्रिज कोर्स सुचवला होता, पात्रता मिळाली म्हणजे प्रवेश मिळतो असे नाही, आणि पहिल्या वर्षाला एम-वन, एम-टू हे गणिताचे पेपर सगळ्यांना असतात, हे बारकावे कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. वर्तमानपत्रांचाही यात थोडा वाटा आहे, राग नसावा.

विषय सुटला म्हणून कायमचा गेला, असेही नाही. वैद्यकीयच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्टच केले की बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यालाही नीट देता येईल. गणितासाठी राज्य मंडळाची 'तुरळक विषय' घेऊन, म्हणजे सगळी बारावी पुन्हा न देता तेवढाच विषय घेऊन, परीक्षेला बसण्याची सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही एखाद-दुसरा विषय देता येतो. पण बारावीच्या अर्जांच्या प्रत्येक परिपत्रकात छापले जाणारे 'तुरळक' म्हणजे नेमके काय, हे कॉलेजातल्या शिक्षकांनाही मी अनेकदा समजावून सांगितले आहे. शिवाय दोन वर्षे वहीला हात न लावलेल्या मुलाला अकरावीपासूनचे गणित एकट्याने काढायचे म्हणजे एक वर्ष जाते. ज्याच्या घरी ते वर्ष परवडते तो काढतो. बाकीचे मिळेल त्या पदवीला नाव घालतात.

गणित सक्तीचे करा, असे माझे म्हणणे अजिबात नाही. ज्या मुलीला भाषा शिकवायची आहे, वकिली करायची आहे, चित्रे काढायची आहेत, तिला समाकलनात दोन वर्षे रडवून कुणाचे भले होणार? (वकिलीच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेतही साधारण दहा टक्के प्रश्न आकडेमोडीचे असतात, पण ते दहावीच्या गणितावर भागते.) सोडायचे तर खुशाल सोडावे. फक्त काय सोडतो आहोत ते ठाऊक असावे. शिक्षक किंवा डॉक्टर आई-बाप असलेल्या मुलांना ते घरात कळते, ती पीसीएमबी, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, घेतात आणि निर्णय दोन वर्षे पुढे ढकलतात. ज्याच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा तोच पहिला, त्याला आमच्या टेबलावरच निर्णय घ्यावा लागतो. बोर्डाच्या पुस्तकावर 'गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)' असे छापलेले आहे, पण कला शाखेत गणित शिकवणारे कॉलेज तालुक्याच्या ठिकाणी शोधून दाखवावे. वाणिज्यलाही अनेक ठिकाणी गणिताचा शिक्षकच नसल्यामुळे एसपीशिवाय इलाज नसतो, आणि कागदावर मात्र ती मुलाची निवड म्हणून नोंदली जाते.

म्हणून शिक्षण विभागाकडे माझी मागणी छोटी आहे. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात शाखेबरोबर विषयगटही भरून घ्यावा आणि प्रत्येक गटापुढे, त्यातून कोणत्या पदव्यांना जाता येणार नाही, ते दोन ओळींत मराठीत छापावे. खाली पालकांची सही. कॉलेजच्या माहितीत कला आणि वाणिज्य शाखेला गणित शिकवले जाते की नाही, तेही लिहावे, म्हणजे पसंतीक्रम भरतानाच कळेल. बारावीच्या गुणपत्रिकेसोबत तुरळक विषयाच्या सोयीची चिठ्ठी जोडली तर तिचा खर्च कागदापुरताच. समुपदेशन केंद्रे, हेल्पलाइन वगैरे घोषणा दरवर्षी होतात, त्यांना माझा विरोध नाही. पण रांगेत उभा असलेला माणूस हेल्पलाइन लावत नाही, तो हातातला कागद वाचतो. यासाठी शासन निर्णय लागणार असेल तर तो अर्ज भरणे सुरू होण्याआधी निघावा. पहिली यादी लागल्यावर निघाला तर या वर्षीच्या मुलांना त्याचा काही उपयोग नाही.

– प्रवेश विभागातील एक लिपिक
(सेवेत असल्याने कृपया नाव छापू नये.)