तांबट आळीतील काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार विनंती विशेष.

आषाढातल्या एका भर पावसाच्या दुपारी आईच्या अस्थींसाठी कलश घ्यायला मी आपल्या दुकानी आले होते. दिवसभर भांडी घडवणाऱ्या आपल्याला ते गिऱ्हाईक आता आठवतही नसेल. माझ्या मनातून मात्र ती दुपार जात नाही, म्हणून हे आभार लिहून कळवत आहे.

वैकुंठ स्मशानभूमीतून तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या, तेव्हा रीतीप्रमाणे त्यांवर दूध-पाणी शिंपडून त्या मातीच्या मडक्यात ठेवल्या होत्या. अस्थी घरात आणायच्या नाहीत म्हणून ते मडके आम्ही जिन्याखालच्या खुंटीला टांगले. धाकटी बहीण कॅनडाहून नवव्या दिवशी पोहोचणार होती आणि तिच्यावाचून विसर्जन करायचे नाही, असे बाबांनी ठरवले होते. दुसऱ्याच सकाळी पाहिले, तर मडके पाझरून भोवतीचे पांढरे कापड ओले झाले होते. त्या ओल्या कापडाकडे पाहून मला जे वाटले ते मी घरात कोणालाही सांगितले नाही.

त्याच दिवशी मी एका दुकानात गेले. तिथे मला नक्षीचा, जड, पितळी कलश दाखवण्यात आला आणि ‘आईसाठी घेताय, किमतीचा विचार कशाला करता’ असे सांगण्यात आले. कलश सुंदर होता, पण त्याचे तोंड इतके अरुंद होते की माझी चार बोटेसुद्धा आत जात नव्हती. तो न घेता मी कसबा पेठेत आपल्याकडे आले.

आपण किंमत सांगितली नाही, नक्षीही दाखवली नाही. आधी विचारलेत, ‘विसर्जन कुठे आणि किती दिवसांनी?’ आई मूळची नाशिकची असल्याने रामकुंडावर आणि अजून पाच दिवसांनी, असे मी म्हटले. मग आपण विचारलेत, ‘सगळी रक्षा आहे की वेचलेल्या अस्थी?’ सगळी रक्षा दोन-तीन किलो भरते, तिला मोठे भांडे लागते. वेचलेल्या अस्थींना लहान कलश पुरतो, पण त्याचे तोंड ओंजळ आत जाईल एवढे हवे, म्हणजे अस्थी ठेवताना आणि काढताना काठावर आपटत नाहीत, हे आपण शांतपणे समजावलेत. गेल्या चार दिवसांत सगळेजण मला धीर धरायला सांगत होते. पुढे नेमके काय करायचे, हे सांगणारे पहिले माणूस आपण भेटलात.

मी तांब्याचा साधा, मठाराचा, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचे खळगे असलेला कलश निवडला. आपण तो हातात घेऊन पाहिलात आणि तसाच देणार नाही म्हणालात. ओल्या अस्थी आणि राख बिनकल्हईच्या तांब्यात पाच दिवस राहिल्या, तर ताक कळकते तसे आत हिरवे धरेल, असे सांगून आपण भट्टीचा भाता सुरू केलात. कलश चिमट्यात धरून तापवलात, नवसागराची चिमूट टाकताच पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आत टेकवलीत आणि कापसाच्या बोळ्याने एका फेरीत तांबूस पोट चांदीसारखे उजळून निघाले. लहानपणी आमच्या वाड्याच्या दारात कल्हईवाला बसला, की आई मला भांडी मोजायला उभी करायची. त्या धुराच्या वासाने मला चार दिवसांत पहिल्यांदा रडू आले. आपण काही विचारले नाहीत, पाण्याचा तांब्या पुढे सरकवलात आणि कलश थंड होईपर्यंत पुसत राहिलात.

नंतर काटा काढून वजन केलेत: 640 ग्रॅम. तांब्याचा भाव, घडणावळ आणि कल्हई असा हिशेब कागदावर मांडून जेवढे झाले तेवढेच पैसे घेतलेत. एक रुपया जास्त नाही आणि दयेपोटी एक रुपया कमीही नाही. दुःखातल्या माणसाशी सचोटीचा साधा व्यवहार करणे हा केवढा मोठा आधार असतो, हे मला त्या कागदामुळे कळले; तो मी जपून ठेवला आहे.

बहीण आली आणि आम्ही तिघे नाशिकला गेलो. पाच तासांच्या प्रवासात कलश आळीपाळीने आम्हा बहिणींच्या मांडीवर होता. मठारल्याने पत्रा कडक होतो हे आपण सांगितलेच होते. पावसात हात ओले असताना त्या खळग्यांवर बोटे घट्ट बसतात, हे रामकुंडाच्या पायऱ्यांवर समजले. गोदावरीचे पाणी गढूळ आणि जोरात होते. कापड सोडले तेव्हा आतली कल्हई होती तशीच होती. बहिणीने आणि मी एकाच वेळी ओंजळ आत घातली, दोघींचे हात मावले. बाबा पायरीवर बसून पाहत होते. ‘नीट झालं’ एवढेच ते म्हणाले.

कलश नदीत सोडू नका, परत आणलात तर मोडीत घेईन, तेच तांबे पुन्हा भट्टीत जाईल, असे आपण म्हणाला होतात. गुरुजींना विचारून आम्ही तो परत आणला आहे. आई घासायची तसा चिंचेने घासून ठेवला आहे आणि येत्या सोमवारी सकाळी तो घेऊन मी आणि बाबा येत आहोत. त्या तांब्यात आणखी लागेल तेवढे घालून पाण्याचा एक हंडा करून द्यावा, अशी बाबांची विनंती आहे. घडणावळ नेहमीच्या हिशेबाने लावावी.

आपली कृतज्ञ,
कलश घेऊन गेलेली मुलगी